हप्ता राज्याने भरायचा, पण कधी? इलिनॉयच्या विद्यापीठ-निवृत्तांचे विमा प्रकरण

जुलै २०१३ पासून अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात सरकारी विद्यापीठांतून निवृत्त झालेल्या प्राध्यापकांच्या, ग्रंथपालांच्या, कारकुनांच्या आणि सफाई कामगारांच्या निवृत्तिवेतनातून एक नवी वजावट सुरू झाली. आरोग्य विम्याच्या हप्त्यापोटी मेडिकेअर (फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचा, मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा आरोग्य विमा) असलेल्यांकडून निवृत्तिवेतनाच्या एक टक्का, नसलेल्यांकडून दोन टक्के. पुढच्या जुलैपासून दोन्ही दर दुप्पट व्हायचे होते. वर्षाला ४०,००० डॉलर निवृत्तिवेतन आणि मेडिकेअर नाही असे धरले, तर पहिल्या वर्षी ८०० आणि दुसऱ्या वर्षी १,६०० डॉलर कापले जाणार. अमेरिकेत बाजारभावाने विमा घ्यायला गेले, तर याच्या कितीतरी पट खर्च येतो. म्हणून राज्य सरकारला ही मागणी अगदी वाजवी वाटत होती. निवृत्तांना मात्र नोकरीत असताना सांगितलेले होते की वीस वर्षे पूर्ण करा, तुमचा स्वतःचा हप्ता राज्य भरेल.

या वजावटीवरून जो खटला झाला तो ‘कॅनर्वा विरुद्ध वीम्स’ या नावाने ओळखला जातो. निकाल निवृत्तांच्या बाजूने लागला आणि बहुतेक ठिकाणी हकीकत तिथेच थांबते. माझ्या मते खरा अभ्यास तिथून पुढे सुरू होतो. ‘राज्य देणे लागते’ हे न्यायालयाने ठरवले, पण ‘राज्य वेळेवर देईल’ याची तजवीज कोणत्याच कायद्यात नव्हती, आणि पुढच्या तीन वर्षांत ती फट सगळ्यांना दिसली.

आधी व्यवस्था समजून घेऊ, कारण ती जरा गुंतागुंतीची आहे. इलिनॉय विद्यापीठ, सदर्न इलिनॉय, नॉर्दर्न, वेस्टर्न, ईस्टर्न, इलिनॉय स्टेट, शिकागो स्टेट अशी राज्याची सरकारी विद्यापीठे आहेत. माणसे नेमतात आणि पगार देतात ती विद्यापीठे. निवृत्तिवेतन देते ती ‘स्टेट युनिव्हर्सिटीज रिटायरमेंट सिस्टिम’, म्हणजे १९४१ साली स्थापन झालेली, शॅम्पेन शहरातून चालणारी स्वतंत्र यंत्रणा. आरोग्य विमा मात्र विद्यापीठाचाही नाही आणि निवृत्तिवेतन यंत्रणेचाही नाही. तो राज्याचा गट विमा आहे. १९७१ च्या राज्य कर्मचारी गट विमा कायद्याखाली ‘सेंट्रल मॅनेजमेंट सर्व्हिसेस’ हा राज्याचा विभाग तो चालवतो. म्हणजे माणूस एकच, पण पगार एकाच्या खिशातून, निवृत्तिवेतन दुसऱ्याच्या आणि विम्याचा हप्ता तिसऱ्याच्या. सगळे सुरळीत चालले असताना याकडे कोणी लक्ष देत नाही.

हप्त्याचे गणित असे होते. १ जानेवारी १९९८ च्या आधी निवृत्त झालेल्यांना काहीच भरावे लागत नसे. त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांसाठी १९९७ च्या दुरुस्तीने मोजपट्टी ठरली: नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे हप्त्याचा पाच टक्के वाटा राज्याचा. वीस वर्षे झाली की शंभर टक्के. चौदा वर्षे नोकरी केलेल्याला सत्तर टक्के राज्याकडून मिळत, उरलेले तीस तो स्वतः भरी. हे आकडे थेट कायद्यातच लिहिलेले होते. त्यामुळे ‘अठरा वर्षे झाली, आणखी दोन काढू’ असा हिशेब करूनच लोक निवृत्तीची तारीख ठरवत. बाहेर जास्त पगाराची संधी असताना विद्यापीठात टिकून राहण्यामागे हा विमा हे अनेकांचे एक कारण होते.

२०१२ साली विधिमंडळाने ही मोजपट्टीच काढून टाकली. गव्हर्नर पॅट क्विन यांनी जूनमध्ये सही केली आणि १ जुलै २०१२ पासून सार्वजनिक कायदा ९७-६९५ लागू झाला. वर्षांचे आणि टक्क्यांचे कोष्टक गेले, त्याच्या जागी एकच तरतूद आली. निवृत्तांकडून किती हप्ता घ्यायचा हे सेंट्रल मॅनेजमेंट सर्व्हिसेसच्या संचालकाने दरवर्षी ठरवायचे. काल कायद्यात होते ते आज एका अधिकाऱ्याच्या अखत्यारीत गेले. वजावटीचे एक-दोन टक्के हे त्यानंतर कर्मचारी संघटनेशी झालेल्या वाटाघाटींतून आले, आणि संघटनेने ते मान्यही केले होते. हेही नोंदवायला हवे, नाहीतर गोष्ट एकतर्फी होते.

विद्यापीठ-निवृत्तांच्या बाबतीत यात आणखी एक पेच होता. इलिनॉयच्या सरकारी विद्यापीठांचे कर्मचारी सोशल सिक्युरिटी या फेडरल निवृत्तिवेतन योजनेत नाहीत. त्यामुळे या नोकरीतून त्यांना दुसरे निवृत्तिवेतन नाही, असते ते एवढेच. त्यातही १ एप्रिल १९८६ च्या आधी नेमणूक झालेल्यांपैकी अनेकांचा मेडिकेअरचा करच कधी कापला गेला नव्हता, त्यामुळे स्वतःच्या नोकरीच्या जोरावर त्यांना मेडिकेअर मिळत नव्हते. म्हणजे सर्वांत जुने, सर्वांत वयस्क कर्मचारी नेमके ‘मेडिकेअर नसलेले’ या गटात पडत आणि त्यांना दुप्पट दर लागे. दर ठरवणाऱ्यांच्या दृष्टीने हे तर्कशुद्धच होते, कारण मेडिकेअर नसलेल्या माणसाचा विमा राज्याला महाग पडतो. पण ज्या कारणाने तो महाग पडतो, ते कारण त्या माणसाने निवडलेले नव्हते.

वेगवेगळ्या काउंटींमध्ये (म्हणजे जिल्ह्यांमध्ये) चार दावे दाखल झाले आणि ते राजधानी स्प्रिंगफील्ड ज्या काउंटीत आहे त्या सँगॅमन काउंटीच्या न्यायालयात एकत्र केले गेले. दावे विद्यापीठ-निवृत्तांपुरते नव्हते, राज्याच्या इतर निवृत्तांचेही होते. गंमत अशी की निवृत्त न्यायाधीश आणि माजी आमदारही याच गट विम्यात होते, आणि त्यांना हप्तामाफीसाठी वीस वर्षे लागत नसत. न्यायाधीशांना सहा आणि आमदारांना चार वर्षे पुरत. आपल्यालाही कात्री लागेल असा कायदा आमदारांनी केला, एवढे श्रेय त्यांना द्यायला हरकत नाही.

मार्च २०१३ मध्ये सँगॅमनच्या न्यायालयाने दावे सुरुवातीलाच फेटाळले. पुरावे, साक्षी हा टप्पा आलाच नाही. वादींचे सगळे म्हणणे खरे धरले, तरी कायद्याने त्यांना काही मिळत नाही, असा तो निर्णय होता. तिथून प्रकरण थेट राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेले.

तिथे सगळा भर एका वाक्यावर आला. इलिनॉयच्या १९७० च्या राज्यघटनेत तेराव्या अनुच्छेदाचे पाचवे कलम आहे. त्याचा आशय असा: राज्याच्या, स्थानिक संस्थेच्या, शाळा-जिल्ह्याच्या किंवा त्यांच्या कोणत्याही अंगभूत संस्थेच्या निवृत्तिवेतन योजनेचे सभासदत्व हे अंमलबजावणी करता येईल असे कराराचे नाते आहे आणि त्या नात्यातून मिळणारे लाभ कमी करता येणार नाहीत किंवा त्यांना बाधा आणता येणार नाही. न्यू यॉर्कच्या घटनेतल्या तरतुदीवर बेतलेले हे कलम घटना परिषदेत ग्रीन आणि किनी या सदस्यांनी मांडले होते. निवृत्तिवेतन निधी वर्षानुवर्षे अपुरे ठेवले जात होते. शिवाय नव्या घटनेने शहरांना जास्त स्वायत्तता मिळणार होती, तेव्हा उद्या पैशांची चणचण आली की शहरे आपले निवृत्तिवेतन कापतील, अशी पोलिसांना आणि अग्निशामकांना भीती होती.

राज्याचा बचाव साधा आणि वरवर भक्कम होता. कलम निवृत्तिवेतनाचे आहे, विम्याचे नाही. विमा निवृत्तिवेतन संहितेत नाही, वेगळ्या कायद्यात आहे. त्यासाठी कोणताही निधी साठवलेला नाही, दरवर्षीचा खर्च दरवर्षी भागवला जातो. घटना परिषदेच्या चर्चेतही विम्याचा विषय कोणी काढला नव्हता. मग त्याला घटनेचे कवच कसे?

३ जुलै २०१४ रोजी सहा विरुद्ध एक मतांनी न्यायालयाने हा बचाव नाकारला. निकाल न्यायमूर्ती चार्ल्स फ्रीमन यांनी लिहिला. त्यांची विचारसरणी मला पटते, कारण ती भावनेवर उभी नाही. त्यांनी प्रश्न असा फिरवला की लाभ कोणत्या कायद्यात लिहिला आहे हे महत्त्वाचे नाही, तो कशामुळे मिळतो ते बघा. राज्य हप्त्यात वाटा देते तो कोणाला? जो राज्याच्या एखाद्या निवृत्तिवेतन योजनेचा सभासद आहे आणि तिथून निवृत्तिवेतन घेतो त्याला. सभासदत्व नसेल तर वाटा नाही. मग हा वाटा सभासदत्वातून आलेला लाभच झाला. आणि घटनाकारांनी ‘लाभ’ म्हणताना फक्त दरमहाचे निवृत्तिवेतन असे कुठेही म्हटलेले नाही. त्यांना तेवढेच म्हणायचे असते तर लिहिण्यापासून कोणी अडवले नव्हते. शंका असेल तिथे अर्थ निवृत्ताच्या बाजूने लावायचा, हे सूत्र तर जुनेच होते. अलास्का आणि हवाई या राज्यांच्या घटनांतही असेच कलम आहे आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयांनीही आरोग्य लाभांना संरक्षण दिलेले होते, त्याचाही आधार घेतला गेला.

विरोधी मत न्यायमूर्ती अ‍ॅन बर्क यांचे. निवृत्तिवेतन योजनेचा लाभ म्हणजे त्या योजनेने, तिच्या निधीतून दिलेला लाभ. बाहेरच्या कायद्याने कोणाला काही देताना ‘अमुक योजनेचे सभासद’ अशी ओळखीची सोयीस्कर खूण वापरली, म्हणून ते देणे त्या योजनेचे होत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख. हे मत हलके नाही. उद्या राज्याने निवृत्तांना एखादी फुटकळ सवलत दिली, तर तीही कायमची घटनाबद्ध होणार का? बहुमताच्या निकालात याचे चोख उत्तर मला सापडत नाही. पण वीस वर्षांच्या नोकरीवर चढत्या टक्क्याने मिळणारा हप्ता फुटकळ सवलतींच्या रांगेत बसत नाही. तो वर्षागणिक कमावला जातो, अगदी निवृत्तिवेतनासारखाच. वजन शेवटी त्या बाजूला झुकते.

निकालानंतर वजावट थांबली आणि कापलेले पैसे निवृत्तांना परत मिळाले. निकालाचा खरा दणका मात्र विम्याच्या बाहेर बसला. डिसेंबर २०१३ मध्ये राज्याने निवृत्तिवेतनच कमी करणारा मोठा कायदा केला होता. ८ मे २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तोही एकमताने रद्द केला, आणि त्या निकालाची वाट कॅनर्वाने आधीच आखून दिली होती. विमाच जर सुरक्षित, तर निवृत्तिवेतनाबद्दल काय बोलायचे!

इथवर वाचून कोणालाही वाटेल की निवृत्तांचे काम झाले. पण १९७५ सालापासून इलिनॉयची न्यायालये याच कलमाबद्दल आणखी एक गोष्ट सांगत आली होती, आणि ती फारशी ऐकली गेली नव्हती. कलम लाभाचे संरक्षण करते. त्या लाभासाठी राज्याने कोणत्या वर्षी किती पैसे बाजूला काढावेत, हे ठरवत नाही. १९९६ आणि १९९८ च्या निकालांतही हेच पुन्हा सांगितले गेले. सभासद ‘माझा लाभ कमी करू नका’ म्हणून दाद मागू शकतो, ‘अर्थसंकल्पात एवढी रक्कम टाका’ म्हणून नाही.

जुलै २०१५ मध्ये इलिनॉयचे नवे आर्थिक वर्ष सुरू झाले तेव्हा अर्थसंकल्पच नव्हता. गव्हर्नर ब्रूस राउनर आणि विधिमंडळ यांच्यातली कोंडी फुटायला ६ जुलै २०१७ उजाडले. सलग दोन वर्षे एका राज्याने पूर्ण अर्थसंकल्पाशिवाय काढली. तीन खिशांची ती व्यवस्था आता उघडी पडली.

निवृत्तिवेतनाला काही झाले नाही. १९९४ साली एक कायदा झाला होता. त्यानुसार निवृत्तिवेतन यंत्रणांना द्यायची राज्याची रक्कम ‘निरंतर विनियोजना’खाली येते, म्हणजे त्या वर्षीचा अर्थसंकल्प मंजूर होवो अथवा न होवो, पैसे निघतात. राज्याच्या खात्यांतल्या कर्मचाऱ्यांचे पगार न्यायालयाच्या आदेशांमुळे चालू राहिले. विद्यापीठांचे पगार राज्याच्या पगारपत्रकातून होत नसल्यामुळे त्यांना तो आधार नव्हता. त्यांनी शिल्लक खाल्ली, बिनपगारी रजा दिल्या, माणसे कमी केली. शिकागो स्टेटमध्ये तर शेकडो लोकांना घरी बसावे लागले. एप्रिल २०१६ मध्ये उच्च शिक्षणासाठी ६० कोटी डॉलरची तात्पुरती मदत मिळाली, तिने जेमतेम श्वास चालू राहिला.

आणि गट विमा? त्याला निरंतर विनियोजन नव्हते. न्यायालयाचा आदेशही नव्हता. विमा रद्द झाला नाही, कोणाचे कार्ड बंद पडले नाही, कागदावर प्रत्येक हक्क जसाच्या तसा होता. नोकरीत असलेल्यांच्या पगारातून त्यांचा वाटा दरमहा न चुकता कापला जात होता. फक्त राज्याने आपला वाटा देणे थांबवले, कारण तो देण्याची परवानगी देणारा कायदाच मंजूर झालेला नव्हता. रुग्णालये, डॉक्टर आणि दंतवैद्य यांची बिले महिनोन्‌महिने पडून राहू लागली, काही योजनांत वर्षाहून जास्त. मोठी रुग्णालये थांबू शकत होती. छोटे दंतवैद्य थांबू शकत नव्हते. त्यांच्यापैकी काहींनी राज्याचे विमाधारक आले की सगळे पैसे आधी मागायला सुरुवात केली: तुम्ही भरा, राज्याकडून आले की परत घ्या. विद्यापीठाच्या गावात याचा अर्थ असा की विमा आहे, दाढही दुखते आहे, आणि पैसे तरीही स्वतःच्या खिशातूनच.

२४ मार्च २०१६ या एकाच दिवशी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने दोन निकाल दिले, ते शेजारी ठेवून वाचावेत. एकात शिकागो महापालिकेच्या निवृत्तिवेतनातली कपात घटनाबाह्य ठरली. दुसऱ्यात न्यायालयाने सांगितले की राज्य कर्मचाऱ्यांना करारानुसार ठरलेली पगारवाढसुद्धा विधिमंडळाने पैसे मंजूर केले तरच मिळेल. एकीकडे घटनेने बांधलेला लाभ, दुसरीकडे विनियोजनाच्या अधीन असलेला करार. गट विमा या दोहोंच्या मधोमध सापडला होता. निवृत्ताच्या हप्त्यातला राज्याचा वाटा पहिल्या वर्गात, पण त्या विम्याखाली आलेले डॉक्टरचे बिल फेडण्यासाठी लागणारी रोकड दुसऱ्या वर्गात.

थकबाकी फुकट राहत नाही. उशिरा दिलेल्या बिलांवर इलिनॉयचा कायदा व्याज लावतो. बिलाच्या प्रकारानुसार वर्षाला नऊ टक्के किंवा महिन्याला एक टक्का. निवृत्तांकडून एक-दोन टक्के घेऊन जे वाचवायचे होते, तसे पैसे आता व्याजात जात होते. नोव्हेंबर २०१७ मध्ये राज्याची एकूण न दिलेली बिले १,६०० कोटी डॉलरच्या वर गेली होती आणि त्यात आरोग्य विम्याचा वाटा मोठा होता. शेवटी ६०० कोटी डॉलरचे कर्जरोखे काढून, कमी व्याजाच्या कर्जाने जास्त व्याजाची देणी फेडण्याचा मार्ग राज्याने पत्करला.

विद्यापीठांची यातली जागाही जरा बघण्यासारखी आहे. विमा राज्याचा असला, तरी विद्यापीठे अगदी मोकळी नाहीत. २००० च्या दशकाच्या सुरुवातीपासून सर्व सरकारी विद्यापीठांनी मिळून वर्षाला ४.५ कोटी डॉलर गट विम्यासाठी राज्याकडे भरावेत, अशी व्यवस्था आली. एकूण खर्चापुढे ही रक्कम किरकोळ, पण छोट्या विद्यापीठाच्या अंदाजपत्रकात टोचणारी. शिवाय संशोधन अनुदानावर नेमलेल्या माणसाच्या विम्याचा भार त्या अनुदानावर टाकला जातो. म्हणजे प्रयोगशाळेतल्या एखाद्या सहायकाचा हप्ता फेडरल संस्थेच्या पैशातून, आणि शेजारच्या खोलीतल्या व्याख्यात्याचा राज्याच्या सर्वसाधारण निधीतून. अधूनमधून एक प्रस्ताव डोके वर काढतो की हा सगळा भार विद्यापीठांवरच हळूहळू ढकलावा. तो मान्य झाला तर पैसे शुल्कातून काढावे लागतील, म्हणजे १९७१ साली राज्याने उचललेली जबाबदारी विद्यार्थ्यांच्या कुटुंबांकडे जाईल. मला हा मार्ग सर्वांत वाईट वाटतो. त्यात घटनेचे कलम मोडत नाही, कोणाचा लाभ कमी होत नाही, आणि म्हणूनच कोणाला न्यायालयात जाता येत नाही.

निकालाच्या कक्षेत काय आले नाही, हे वाचताना नेहमी निसटते. कॅनर्वाचा विषय होता राज्याचा हप्त्यातला वाटा. त्या हप्त्यात नेमके कोणते संरक्षण मिळणार, दर भेटीला रुग्णाने किती भरायचे, कोणती रुग्णालये चालतील, हा या खटल्याचा विषय नव्हता. कम्युनिटी कॉलेजांचे (दोन वर्षांच्या स्थानिक महाविद्यालयांचे) निवृत्त त्याच विद्यापीठ निवृत्तिवेतन यंत्रणेत आहेत, पण त्यांचा विमा वेगळ्या योजनेत आहे आणि त्यांना वीस वर्षांची ही मोजपट्टी लागू नव्हती. त्यांनी या निकालाने हुरळून जाण्याचे कारण नव्हते.

राज्याच्या अधिकाऱ्यांनी मात्र मोकळी जागा आधीच ओळखली होती. निकालाच्या पाच महिने आधी, १ फेब्रुवारी २०१४ पासून, मेडिकेअर असलेल्या निवृत्तांना राज्याच्या नेहमीच्या योजनांतून काढून खासगी विमा कंपन्या चालवतात त्या मेडिकेअर अ‍ॅडव्हान्टेज प्रकारच्या योजनांत नेले गेले. तिथे खर्चाचा मोठा भाग फेडरल सरकारकडून विमा कंपनीला जातो आणि राज्याच्या माथ्यावरचा बोजा उतरतो. वीस वर्षे पूर्ण केलेल्या निवृत्ताचा स्वतःचा हप्ता शून्यच राहतो. ती योजना नको म्हणणाऱ्याला राज्याचा आरोग्य विमाच सोडावा लागतो.